दार बंद, गाडी म्हणते उघडं

गाडीचं दार घट्ट लागलेलं असतं, हाताने ढकललं तरी हलत नाही, आणि तरीही डॅशबोर्डवरचं उघड्या दाराचं लाल चित्र विझत नाही. रिमोटचं बटण दाबलं की लॉक पडण्याऐवजी गाडी नुसती पीं-पीं करते. आतला दिवा जळतच राहतो. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ उचलत नाही. ज्या गाड्यांची दारं बटण दाबल्यावर आपोआप सरकतात, त्यांच्यात हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. दार निमूटपणे उघडतं, पण बंद व्हायला निघालं की वीतभर पुढे येऊन पुन्हा मागे जातं. गॅरेजमध्ये या सगळ्या तक्रारींवर पहिलं उत्तर एकच मिळतं, ‘शॉर्ट आहे कुठेतरी.’

हे उत्तर बऱ्याचदा बरोबरही असतं. पण शॉर्ट नेमकं कुठे आहे हे न शोधता पार्ट बदलायला सुरुवात होते आणि पैसे वाया जातात ते तिथे. आधी सेन्सर बदलतो, मग अख्खं लॉक, मग कंट्रोल मॉड्यूल. बिल वाढत जातं आणि दोष मात्र दाराच्या बिजागरीजवळ सोललेल्या एका वायरीत तसाच बसलेला असतो. मीटर हातात घेऊन पाऊण तास शांतपणे मोजमाप केलं तर यातला बहुतेक खर्च टळतो. ते मोजमाप कसं करायचं आणि त्यामागचं तर्कशास्त्र काय, हे गाडी वापरणाऱ्यालाही कळायला हवं, कारण पैसे त्याच्या खिशातून जातात.

छत्रपती संभाजीनगरला हा विषय मुळीच परका नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुट्या भागांचे पुरवठादार इथे रुजले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक ही नावं इथूनच मोठी झाली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाने ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली, पुढे ऑडीच्या गाड्याही तिथे जुळू लागल्या. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर त्याची बातमी झाली. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. गाड्या बनवणारं आणि हौसेने घेणारं हे शहर आहे. पण गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली, वॉरंटी संपली, की ती शोरूमच्या काचेआडून निघून एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या पत्र्याच्या शेडखाली येते. तिचं पुढचं आयुष्य त्या माणसाच्या निदानावर अवलंबून असतं. त्यातच इथली हवा वायरींना मानवणारी नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, त्या उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त, आणि जून लागला की धुळीने भरलेल्या फटींत थेट पाणी.

सुरुवातीला एक घोळ निस्तरायला हवा. गॅरेजमध्ये विजेच्या कुठल्याही बिघाडाला शॉर्ट म्हणतात. प्रत्यक्षात वायर तुटणं हा वेगळा आजार आहे, सांधा गंजून वीज जेमतेम जाणं हा वेगळा, आणि शॉर्ट हा आणखी वेगळा. शॉर्ट म्हणजे विजेला ठरवून दिलेल्या मार्गाऐवजी मधेच आडवाट सापडणं. गाडीत बॅटरीची ऋण बाजू संपूर्ण लोखंडी बॉडीला जोडलेली असते, तिला आपण ‘अर्थ’ म्हणतो. म्हणून वायरीचं वेष्टन कुठेही सोललं आणि तांबं पत्र्याला टेकलं की आडवाट तयार. कधी सोललेली वायर पत्र्याऐवजी शेजारच्या १२ व्होल्टच्या वायरीला चिकटते; तेही शॉर्टच, पण लक्षणं अगदी उलटी. तुटलेल्या वायरीचा इलाज शॉर्टवर चालत नाही, त्यामुळे नेमका आजार कोणता हे पहिल्या टप्प्यातच ठरायला हवं.

आता मुख्य मुद्दा. शॉर्ट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उडालेला फ्यूज येतो, जळका वास येतो. पॉवर विंडोच्या मोटारीची जाड वायर पत्र्याला लागली तर तसंच होतं. आडवाटेला रोध जवळजवळ नसतो, प्रवाह बेफाम वाढतो आणि फ्यूज वितळतो. सेन्सरच्या वायरीचं तसं नाही. सेन्सरला मॉड्यूलकडून, म्हणजे दारांचं काम सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाकडून, जी वीज मिळते ती आधीच मॉड्यूलच्या आतल्या एका रोधातून गाळून आलेली असते. समजा ५ व्होल्ट आणि १,००० ओहमचा रोध. ही वायर सरळ बॉडीला टेकली तरी प्रवाह जास्तीत जास्त ५ मिलिअँपिअर. एवढ्याने फ्यूज तर सोडाच, केसाएवढी तारही गरम होत नाही. म्हणून सेन्सरच्या सर्किटमधलं शॉर्ट धूर काढत नाही, फ्यूज उडवत नाही. ते मॉड्यूलला खोटी माहिती देतं, आणि मॉड्यूल ती खरी मानून वागतं. फ्यूज शाबूत आहे म्हणून वायरिंग चांगली आहे असा निष्कर्ष काढणारा मेकॅनिक इथेच फसतो.

साध्या दाराचं उदाहरण घेऊ. दार उघडं की बंद हे सांगणारा छोटा मायक्रोस्विच हल्ली लॉकच्या आतच असतो. बऱ्याच गाड्यांत रचना अशी असते की दार उघडलं की हा स्विच सेन्सरची वायर अर्थला जोडतो. मॉड्यूलला वायरीवर शून्य व्होल्ट दिसले की ते समजतं, दार उघडलं. आता हीच वायर वाटेत कुठेतरी सोलून पत्र्याला लागली तर मॉड्यूलला कायम शून्यच दिसणार. त्याच्या लेखी दार कायम उघडं. दिवा जळणार, लॉक नाकारलं जाणार, गाडी चालू लागली की बझर वाजणार. उलट वायर तुटली, तर दार सताड उघडं असलं तरी मॉड्यूल म्हणणार बंद आहे. काही गाड्यांत स्विचचा अर्थ याच्या बरोबर उलटा असतो. म्हणून त्या गाडीचा वायरिंग डायग्राम समोर असल्याशिवाय निदान सुरू करू नये. नुसत्या अनुभवावर विसंबलं तर शॉर्टला तुटलेली वायर समजण्याची चूक अगदी सहज होते.

बॅटरी का उतरते तेही यातच आहे. आतला ५ वॉटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी रिकामी व्हायला त्याला सव्वादोन दिवस पुरतात, आणि निम्म्या बॅटरीवर सेल्फ मारेलच याचा भरवसा नाही. नव्या गाड्या काही मिनिटांनी दिवा आपोआप बंद करतात. पण दार उघडं आहे अशी खात्री असलेली मॉड्यूलं झोपी जात नाहीत. नीट झोपलेली गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत वीज खाते. जागी राहिलेली गाडी त्याच्या कितीतरी पट. अशा वेळी बॅटरी बदलून काही साधत नाही, नवी बॅटरीही तशीच उतरते.

आपोआप सरकणाऱ्या दाराची गोष्ट जास्त रंजक आहे. २०२० मध्ये किआ कार्निव्हल आली आणि बटणावर सरकणारी मागची दारं आपल्याकडे पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाची झाली. वेरूळ-अजिंठ्याला किंवा शिर्डीला निघालेल्या मोठ्या कुटुंबासाठी अशी गाडी फार सोयीची. या दारामागे एक मोटार असते आणि त्या मोटारीत बहुधा दोन हॉल सेन्सर, म्हणजे फिरणाऱ्या चुंबकाची चाहूल घेणारे चिमुकले भाग. त्यांच्या ठोक्यांवरून मॉड्यूलला दार किती सरकलं ते कळतं, आणि दोघांपैकी कोणाचा ठोका आधी आला यावरून दिशा कळते. शिवाय लॉकमध्ये अर्धवट लागलं आणि पूर्ण लागलं हे वेगवेगळं सांगणारे स्विच असतात. आणि दाराच्या पुढच्या कडेला असते ती सगळ्यात महत्त्वाची रबरी पट्टी.

ही पट्टी वरून साध्या बीडिंगसारखी दिसते. तिच्या पोटात मात्र वीज वाहणाऱ्या दोन रेषा समोरासमोर असतात, मध्ये हवेची बारीक फट, आणि पट्टीच्या शेवटच्या टोकाला दोन्ही रेषांना जोडणारा एक रोध. दार बंद होताना मध्ये बोट आलं की रबर दबतं, दोन्ही रेषा टेकतात, आणि मॉड्यूल दार मागे घेतं. आकडे सोपे करून पाहू. प्रत्येक कंपनीचे ते वेगळे असतात. मॉड्यूलच्या आतला रोध १,००० ओहम, पट्टीच्या टोकाचा रोधही १,००० ओहम, पुरवठा ५ व्होल्टचा. पट्टी मोकळी असताना वायरीवर बरोबर निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट येतात. पट्टी दबली की शून्य. वायर तुटली की पूर्ण ५. टोकाचा तो इवलासा रोध बसवण्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो. तो नसता तर पट्टी मोकळी असतानाही ५ व्होल्ट आणि वायर तुटली असतानाही ५ व्होल्टच दिसले असते, आणि मुळात काम करत नसलेल्या पट्टीवर भरवसा ठेवून दाराने एखाद्या लहान मुलाचा हात चिरडला असता. रोध असल्यामुळे मॉड्यूलला वायर शाबूत असल्याची खात्री सतत मिळत राहते.

एक गोष्ट मात्र या रचनेलाही ओळखता येत नाही. पट्टीकडे जाणारी वायर सोलून अर्थला लागली तर तिथेही शून्यच व्होल्ट. बोट सापडल्याचा आणि शॉर्ट झाल्याचा संदेश अगदी सारखा. मॉड्यूल बिचारं सुरक्षित बाजू घेतं आणि दार मागे नेतं. म्हणून बटणावर उघडणारं पण बंद न होणारं दार दिसलं की पहिला संशय या पट्टीच्या सर्किटमधल्या शॉर्टवर घ्यावा. दार उघडताही येत नाही आणि बंदही होत नाही, हाताने मात्र सरकतं, असं असेल तर तुटलेल्या वायरीचा, मोटारीचा किंवा फ्यूजचा विचार करावा. एवढं लक्षण मालकाने नीट सांगितलं तरी मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

शॉर्ट होण्याच्या जागाही फार नसतात. वायर जिथे वाकते, जिथे भिजते आणि जिथे माणसाने किंवा उंदराने हात-दात लावलेला असतो, तिथे बघायचं. बिजागरीच्या दारात बॉडीच्या खांबातून दारात शिरणारी वायरिंग एका घडीच्या रबरी नळीतून जाते. चालकाचं दार दिवसाला वीस वेळा उघडलं असं धरलं तर वर्षाला ७,३०० वेळा, दहा वर्षांत ७३,००० वेळा त्या वायरी त्याच जागी वाकतात. ही रबरी नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवली की काय घडलंय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. वायरीच्या रंगीत वेष्टनावर बांगडीसारखी गोल चीर पडलेली असते, वेष्टन कडक होऊन किंचित मागे सरकलेलं असतं, चिरेतून तांबं डोकावतं आणि त्याच्यावर हिरवट पूड साचलेली असते. सात-आठ तारांच्या पदरातले दोन-तीनच केस शिल्लक असतात. दार एका कोनात असताना ते शेजारच्या वायरीला किंवा पत्र्याला टेकतात, दुसऱ्या कोनात सुटतात. ‘कधी होतं, कधी होत नाही’ ही तक्रार इथून येते. डिकीच्या झाकणाची नळीही छताजवळ अशीच वाकते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

सरकत्या दाराला बिजागरी नसते, म्हणून त्याची वायरिंग प्लास्टिकच्या कड्यांच्या साखळीतून दाराबरोबर पुढे-मागे घरंगळते. या साखळीच्या वाटेत धूळ, खडी, मुलांनी सांडलेला खाऊ, एखादं नाणं असं काहीही साचतं आणि वायर घासली जाते. ओबडधोबड रस्त्यांवर फिरणारी गाडी असेल तर ही जागा दर सर्व्हिसिंगला झाडून-पुसून घ्यावी.

पाण्याचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. दाराच्या काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आत जाणारच, तशीच रचना आहे. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं, आणि आतल्या पॅडमागे लावलेला प्लास्टिकचा पडदा ते केबिनकडे आणि वायरी जोडणाऱ्या कपलरकडे येऊ देत नाही. आपल्याकडची मुरमाड धूळ ती भोकं बुजवते. नवे स्पीकर बसवताना तो पडदा टराटरा फाडला जातो आणि पुन्हा कोणी चिकटवत नाही. मग जुलैमध्ये दारात पाणी साचतं, कपलरच्या पिनांमध्ये ओल बसते आणि दोन पिनांच्या मधे अर्धवट शॉर्ट तयार होतं. ऊन पडलं की ते नाहीसं होतं, म्हणून गाडी गॅरेजला नेली की नेमकी व्यवस्थित चालते. बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, स्पीकरचा लांब स्क्रू, नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर हेही नेहमीचे आरोपी. गाडी शेताच्या कडेला किंवा मोकळ्या प्लॉटजवळ लागत असेल तर उंदरांचाही विचार करावा लागतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. मालकाला आधी विचारायचं: पावसानंतर सुरू झालं का, ठोकर बसली होती का, दारात नवीन काही बसवलं का. सरकत्या दाराची मोटार बंद ठेवणारा मुख्य स्विच चालकाजवळ असतो, तो चुकून दाबला गेलेला नाही ना हे पाहायचं. बऱ्याच गाड्यांत इंधनाचं झाकण उघडं असेल तर त्या बाजूचं दार सरकू दिलं जात नाही, तेही पाहायचं. मग बॅटरीचे व्होल्ट. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. उतरलेल्या बॅटरीवर मॉड्यूलं बिघाडाचे नाही नाही ते कोड देतात, म्हणून आधी बॅटरी चार्ज करून मगच पुढे जायचं. बॅटरी नुकतीच काढून बसवली असेल तर सरकत्या दाराला त्याच्या दोन टोकांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. काही वेळा बिघाड तेवढाच असतो.

यानंतर स्कॅनर. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतात, पण दारं-काचा सांभाळणाऱ्या बॉडी मॉड्यूलचे बी अक्षराने सुरू होणारे कोड त्यांना बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर लागतो. कोड मिळाला तरी तो पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं नाव सांगतो. ‘डाव्या दाराचा सेन्सर, अर्थला शॉर्ट’ याचा अर्थ सेन्सर खराब असा होत नाही. सेन्सर, त्याची वायर, वाटेतले कपलर आणि मॉड्यूलची पिन यांपैकी कुठेतरी दोष आहे एवढंच त्यातून कळतं. कोड वाचून थेट सेन्सर मागवणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग सवय आहे.

कोडपेक्षा स्कॅनरवरची चालू माहिती जास्त कामाची. पडद्यावर सेन्सरची स्थिती दिसत असताना सेन्सरचा कपलर काढायचा. स्थिती ‘उघडं’ वरून ‘बंद’ अशी पालटली, किंवा शून्य व्होल्टवरून ५ झाली, तर शॉर्ट सेन्सरच्या आत होतं, सेन्सर बदला. काहीच पालटलं नाही तर सेन्सर निर्दोष, दोष त्याच्या आणि मॉड्यूलच्या मधे. मग दार आणि बॉडी यांच्यामधला कपलर काढून पुन्हा पडद्याकडे पाहायचं. आता पालटलं तर शॉर्ट दारातल्या वायरीत, नाही पालटलं तर बॉडीच्या बाजूला. शेवटी मॉड्यूलपाशी ती वायर सोडवायची. तरीही शून्यच दिसत असेल तर आणि तरच मॉड्यूलवर बोट ठेवायचं. आपल्या शहरात मलिक अंबरच्या काळापासूनची जी नहर आहे, तिच्यावर ठरावीक अंतराने तपासणीच्या विहिरी ठेवलेल्या आहेत. पाणी कुठे मुरतंय हे शोधायला सगळी नहर खणावी लागत नाही, मधली विहीर उघडून पाणी पोचलं का बघितलं की निम्मी नहर संशयातून सुटते. कपलर काढत जाणं हे तेच काम आहे. या तपासणीला सुटा भाग लागत नाही आणि वायर कापावी लागत नाही.

दाराच्या आतच वेगळं मॉड्यूल असलेल्या गाड्यांत थोडा फरक पडतो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये डेट्रॉइटला कॅन नावाची पद्धत मांडली, आणि तिच्यामुळे प्रत्येक स्विचची स्वतंत्र वायर इंजिनाजवळपर्यंत नेण्याची गरज संपली. आता दारातलं मॉड्यूल सगळ्या स्विचांची खबर एक-दोन वायरींवरून संदेशाच्या रूपात पुढे धाडतं. अशा गाडीत एका सेन्सरचा दोष दाराच्या आतच शोधायचा. सगळ्या दाराचंच काम एकदम थांबलं असेल तर संदेशाची वायर, पुरवठा किंवा अर्थ बघायचा. अनेक सेन्सरना मिळून ५ व्होल्ट देणारी सामाईक वायर शॉर्ट झाली तरी अनेक गोष्टी एकदम बंद पडतात. तेव्हा एकेक सेन्सर सोडवत गेलं की ज्याच्या सुटण्याने बाकीचे जिवंत होतात तो गुन्हेगार.

बाधित तुकडा सापडला की मीटर. ओहम मोजायचे तर वीज बंद हवी; वीज चालू असताना घेतलेलं ओहमचं माप निरर्थक असतं. वायरीची दोन्ही टोकं सोडवून एक टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मोजायचं. चांगली वायर असेल तर मीटर अनंत रोध दाखवतो. काही ओहम दाखवले किंवा बझर वाजला तर शॉर्ट पक्कं. काही हजार ओहम आले तर ओलावा किंवा गंजाची शंका. इथे एकटं माप पुरत नाही. मीटर लावलेला ठेवून दार सावकाश उघडायचं-मिटायचं, रबरी नळी हाताने वाकवायची, सरकतं दार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं. ज्या क्षणी आकडा उडी मारतो, त्या क्षणी हात जिथे आहे तिथेच दोष.

सेन्सरच्या वायरींना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नये. तो शेकडो मिलिअँपिअर ओढतो आणि काही मिलिअँपिअरसाठी बनवलेली मॉड्यूलची पिन जळू शकते. तिथे डिजिटल मीटरच. टेस्ट लॅम्पची जागा फ्यूज उडवणाऱ्या जाड वायरींमध्ये आहे, आणि तिथे तो मीटरपेक्षाही उपयोगी. फ्यूज काढून त्याच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडायचा आणि मोटारीसारखं काही चालू नाही हे पाहायचं. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण पेटलेला राहतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. एकेक कपलर काढत जायचं. ज्याने बल्ब विझतो त्या फांदीवर शॉर्ट. ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज उडतोय म्हणून त्याहून मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार टाकणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी. तसं करणाऱ्याला पुन्हा गाडीला हात लावू देऊ नये.

पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दारातच असतो. त्यांना कुठलाही मीटर-लॅम्प लावायचा नाही, आणि दाराचं पॅड काढण्याआधी बॅटरी सोडवून कंपनीने सांगितलेली काही मिनिटं थांबायचं.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त घाई होते. वाकणाऱ्या जागी सांधा द्यायचा नाही. डाक दिलेली वायर डाकेच्या कडेला कडक होते आणि काही महिन्यांत तिथेच तुटते. खराब तुकडा नळीच्या दोन्ही बाजूंना पुरेसा लांब काढायचा, बारीक तारांची लवचिक वायर जोडायची आणि सांधे खांबाच्या व दाराच्या आत, जिथे काही हलत नाही तिथे घ्यायचे. वरून आत गोंद असलेली आकसणारी नळी. नुसती काळी टेप चालत नाही. इथल्या उन्हाळ्यात तिचा चिकटा वितळतो आणि ती उलगडते. एक वायर सापडली तरी त्याच नळीतल्या बाकीच्या वायरीही तपासायच्या, त्यांचंही वय तेवढंच आहे. मग रबरी नळी तिच्या खाचेत नीट बसवायची, खालची भोकं मोकळी करायची, पॅडमागचा पडदा पुन्हा चिकटवायचा. एवढं केलं तर ती दुरुस्ती गाडीच्या आयुष्याला पुरते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. सेन्सरची पट्टी महाग म्हणून ती काढून टाकून मॉड्यूलच्या वायरींना बाहेरून एक रोध चिकटवता येतो. मॉड्यूलला २.५ व्होल्ट दिसतात, कोड निघून जातो, दार झकास बंद होतं, आणि गाडीला बोट सापडल्याचं कळण्याचा मुख्य मार्ग कायमचा बंद होतो. मोटारीच्या काचा आपोआप बंद होताना मध्ये सापडलेल्या वस्तूवर १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण दहा किलोच्या भारापेक्षा जास्त दाब येऊ नये असा युरोपातला नियम आहे. दार तर काचेहून कितीतरी जड. त्याच्या कडेवर लहान मुलांचे हात असतात, आजी चढताना त्याच कडेचा आधार घेते. काही रुपये वाचवण्यासाठी ही पट्टी निकामी करणारा कारागीर कितीही हुशार असला तरी त्याचं काम वाईटच.

चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन आपल्या शहरात आहेत. ते मीटर आधी काढतात आणि पान्हा नंतर. त्यांना मोजण्याच्या वेळेचे पैसे द्यायला कुरकुर करू नका. ‘नुसतं बघायचे एवढे?’ असं ग्राहक म्हणतो, म्हणूनच मेकॅनिक पार्ट विकून पैसे काढायला शिकतो. सेन्सर किंवा मॉड्यूल बदलायला सांगितलं तर दोनच गोष्टी विचारा. कपलर काढल्यावर माप पालटलं का, आणि वायरीवर किती व्होल्ट आले? उत्तर आकड्यात मिळालं तर काम योग्य हातात आहे. जुना पार्ट परत मागून घ्या. आणि सरकत्या दाराची किंवा आपोआप लागणाऱ्या डिकीची दुरुस्ती झाली असेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी जाड कागदाची गुंडाळी किंवा पुठ्ठ्याची नळी मध्ये धरून दार बंद करून पाहा, स्वतःचा हात कधीही नाही. वर, मध्ये आणि खाली, तिन्ही जागी. तिन्ही वेळा दार मागे गेलं तर काम पूर्ण झालं. एकदाही गेलं नाही, तर गाडी तिथेच ठेवा.